मानपत्रातलं एक वाक्य

३ मार्च, मंगळवार
दुरुस्ती विभाग, दुपार

तीर्थस्वरूप आत्यास,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण कागदावरच्या लोटांगणाला कंबर वाकवावी लागत नाही, असं तूच म्हणायचीस. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा आहे तसाच आहे आणि तिची जीभही. बाबा तुझं नाव काढत नाहीत, पण फोन वाजला की आधी ‘ताई असेल’ म्हणतात.

शुक्रवारच्या समारंभाचं निमंत्रण मिळालं असेल. अभिलेख आयोगातून यंदा तिघं निवृत्त होताय: तू, प्राध्यापक आणि वकीलसाहेब. सभागृहातल्या खुर्च्या पुसून झाल्या. माईक बिघडलाय, पण वकीलसाहेब बोलणार असल्यामुळे कुणी तो दुरुस्त करायच्या भानगडीत पडलेलं नाही. प्राध्यापकांनी आपल्या मानपत्रातल्या दोन तारखा चुकल्याचं कळवलं, वर पुरावेही जोडले. तुझ्याकडूनच काही उत्तर नाही. अध्यक्ष रोज सकाळी विचारतात, “आत्याबाई येणार का हो?” मी म्हणते, विचारते. आणि विचारत नाही.

हे पत्र सुरू केल्यापासून चार वेळा उठले. एकदा खिडकी लावायला, एकदा तीच उघडायला. चहा दोनदा झाला. आज हाताला काही सुचत नाही.

तिन्ही मानपत्रं मीच लिहिली आहेत आणि वाचणारही मीच आहे. तुला नियम ठाऊक आहे. वाचून झालं की एक प्रत आयोगाच्याच दप्तरात जाते, ‘कायम जतन’ असा शिक्का बसून. तुझ्या मानपत्रात अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने एक वाक्य घातलंय: ‘घरनोंदवहीची दुर्दैवी हानी वगळता त्यांची कारकीर्द निष्कलंक आहे.’ मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणाले, “इतिवृत्तात आहे ना, मग लिहावंच लागेल.”

इतिवृत्तात आहेच. तू सांगितलंस म्हणून आहे.

तळ्याखाली गेलेल्या सात गावांची ती नोंदवही. कुणाचं घर कुठे, अंगणात किती झाडं, सगळं त्यात. पानं जीर्ण झालेली, म्हणून खळ लावून पातळ कागद चिकटवायला माझ्याकडे आली. ओल्या पानांमध्ये टिपकागद घालायचा आणि मगच दाबायला प्रेसखाली ठेवायचं, हे तूच मला पहिल्या दिवशी शिकवलंस. त्या दुपारी टिपकागद संपले होते. भांडार दोन मजले खाली. मला चार वाजता भाड्याचं घर बघायला जायचं होतं. म्हटलं, सकाळी आल्या आल्या घालू, आणि तशीच पानं दाबून निघाले. पुढचे दोन दिवस सुट्टी आहे हे डोक्यातच नव्हतं. तिसऱ्या दिवशी प्रेस उघडली तेव्हा सगळी पानं एकमेकांना चिकटून घट्ट झाली होती. सुरी घातली तर शाईसकट सोलून येत होती.

चौकशीत तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, “घाई मी करायला लावली. जबाबदारी माझी.” तू घाई करायला लावली नव्हतीस. तू तर त्या आठवड्यात आमच्या विभागात आलीही नव्हतीस. ‘आत्याने भाचीला चिकटवलं’ असं लोक आधीच कुजबुजत होते, माझी नोकरी कच्ची होती. मी मूग गिळून बसले. नंतर तू आमच्याकडे येणं कमी केलंस, आणि मला, खरं सांगते, सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटलं. तुझ्या नजरेला नजर द्यावी लागत नव्हती.

तरी हे सगळं तुला माहीत आहे. माहीत नाही ते पुढचं.

गेल्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ आले. त्या सातांपैकी एका गावचे. वडिलांच्या घराची नोंद बघायची होती, नातीला दाखवायला. मी सांगितलं, नोंदवही खराब झाली. त्यांनी टेबलाचा काठ धरला. मग म्हणाले, “कुणाच्या हातून?”

आणि आत्या, मी म्हटलं, “आमच्या एक सदस्य आहेत, त्यांच्या.”

कुणी दटावलं नव्हतं, नोकरी आता पक्की आहे. तरी तोंडातून तेच आलं, अगदी सरावाने. ते तुझं नाव विचारून, चिठ्ठीवर लिहून घेऊन गेले. तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. मला माझी लाज वाटते.

आज सकाळी अध्यक्षांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, “असं करू, ते वाक्यच गाळू. झाकली मूठ सव्वा लाखाची. समारंभाच्या दिवशी शोभा कशाला?” मला क्षणभर फार हायसं वाटलं. जिना उतरेपर्यंत टिकलं. वाक्य गाळलं तरी इतिवृत्त तसंच राहणार, आणि त्या गृहस्थांच्या चिठ्ठीवरचं नावही.

म्हणून ते वाक्य मी बदललंय: ‘घरनोंदवहीची हानी दुरुस्ती विभागात माझ्या हातून झाली. त्यांनी ती स्वतःवर घेतली आणि मी घेऊ दिली.’ इतिवृत्तात दुरुस्ती करावी असा अर्ज दिलाय, सही करून. त्या गृहस्थांचा पत्ता अभ्यागतांच्या वहीत मिळाला, त्यांनाही लिहिलं. अध्यक्ष म्हणतात, वाचलंत तर चौकशी लागेल. लागू दे.

तुझी खुर्ची पहिल्या रांगेत आहे. ये म्हणायचा हक्क मला नाही. तू आलीस तरी वाचेन, नाही आलीस तरी वाचेन. तू मला माफ करावंस म्हणून वाचत असले, तर तीही लबाडीच होईल. पण तुला कळण्याआधी सभागृहाला कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

तब्येतीला जप. बाबांना एकदा फोन कर.

तुझ्या नावाआड दोन वर्षं सुखाने नोकरी केलेली,
तुझी भाची