माझ्या दाराची कडी

बाबा,

मी आत्याकडे अभ्यासाला जातेय, सातपर्यंत येते. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. समोर बोलायला गेले की रागाने तोंडातून शब्दच फुटत नाहीत, म्हणून लिहितेय.

काल मी शाळेत असताना तुम्ही माझ्या खोलीची आतली कडी काढून टाकलीत. वर भोकं बुजवून पॉलिशही मारलंत, जणू तिथे कधी काही नव्हतंच! परवा तुम्ही हाका मारल्यात आणि मी दार उघडलं नाही, ते चुकलंच माझं. पण "पंधरा वर्षांच्या पोरीला कडी कशाला हवी?" हे आईला काय विचारता? मला विचारा ना! कपडे बदलायला हवी, रडायला हवी, आणि कधीकधी उगीचच हवी.

तुम्ही एवढे नावाजलेले सुतार. गिऱ्हाइकाचं दार सताड उघडं असलं तरी "येऊ का?" विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. सुट्टीत कामावर नेलंत तेव्हा मलाही तेच शिकवलंत. मग घरच्या पोरीची किंमत गिऱ्हाइकाएवढीही नाही?

कडी भंगाराच्या डब्यात सापडली. ती मी जुन्या जागेच्या दोन बोटं वर परत बसवली आहे. आधी बारीक भोक, मग स्क्रू, तुम्ही दाखवलंत तस्संच. पेचकस पेटीत जागेवर ठेवलाय.

जराशी तिरकी बसलीय. सरळ करायची तर खुशाल करा. पण मी घरात असताना, आणि दार वाजवून.