शाळेच्या दगडावरची तासलेली ओळ

गुरुजी, काल शाळेकडे गेलो होतो. घरी बोलायला कोणी नाही. बायको गेली, पोरं जळगावला पाइपाच्या कारखान्यात. मग शाळेच्या ओट्यावर जाऊन बसतो, मी कोरलेल्या दगडासमोर. नवे मास्तर पोरांना सांगत होते, "ही शेवटची ओळ तासलेली दिसते ना? जुन्या गुरुजींनी स्वतःचं नाव काढायला लावलं. शिका काही." मी मान खाली घातली.

ही शाळा तुम्ही उभी केली. असोद्यात दारोदार फिरले, कोणाकडून विटा आणल्या, कोणाची बैलगाडी. उद्घाटनाला मंत्री येणार ठरलं नि तुम्ही मजकुराचा कागद घेऊन माझ्याकडे आले. मी छिन्नीला धार लावतोय, तुम्ही माझ्याच पालथ्या घमेल्यावर बसलेले. मंत्र्याच्या नावाआधी 'ना.' लिहिलेलं.

"हे काय शे, गुरुजी?"

"नामदार. फारशी शब्द आहे. नाम म्हणजे नाव, दार म्हणजे बाळगणारा. जमीनदार, फौजदार, तसाच. ज्याचं नाव चार ठिकाणी माहीत, तो नामदार. इंग्रजांच्या वेळी कौन्सिलातल्या बड्या लोकांना हा जुना शब्द लावायला लागले. आता मंत्र्यांना लावतात."

"मग तुम्ही बी नामदारच. बठ्ठं गाव वळखतं तुमाले."

"मी फक्त हजेरीदार," म्हणून तुम्ही हसले.

मला हसू आलं नाही. मी खरंच बोललो होतो. शेवटच्या ओळीत तुमचं नाव होतं, त्याच्याआधी मी 'ना.' कोरून टाकलं. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्ही दगड पाहिला. सोबत सरपंच, तलाठी, आणखी चार माणसं. सरपंच म्हणाले, "काय गुरुजी, मंत्री कधी झाले? पेढे नाही दिले!" सगळे खदाखदा हसले. तुमचं तोंड एवढंसं झालं. मला म्हणाले, "चौथी नापासाच्या हाती मजकूर दिला, चूक माझीच. तेवढं एक अक्षर तासून टाक." नि चालते झाले.

चार माणसांत बोलले ते. एकट्यात मुस्काटात मारली असती तरी चाललं असतं. माझं डोकं फिरलं. हातोडा घेतला नि अक्षरावर थांबलो नाही, तुमचं नावही तासलं. पुरी ओळ. दुसरा दगड करायला वेळ कुठला?

संध्याकाळी तुम्ही परत आले. तासलेल्या जागेवरून हात फिरवला. मी शिव्यांची वाट पाहतोय, नि तुम्ही विचारता, "जेवलास का?"

दुसऱ्या दिवशी धुळ्याहून मंत्र्यांची मोटार आली. पडदा सारला नि त्यांनी विचारलं, "खाली काय होतं?" मी मागे माणसांच्या आड सरकलो. तुम्ही म्हणाले, "माझं नाव होतं, साहेब. मीच काढायला लावलं. शोभत नव्हतं." टाळ्या पडल्या. त्यानंतर जिवंत होते तोवर तुम्ही तो विषय काढला नाही. मीही नाही काढला.

हा कागद छिन्नीच्या पेटीत ठेवतोय. पाठवणार कुठे? एकच सांगायचं राहिलं. काल पोरं पांगल्यावर नवे मास्तर माझ्याकडे आले. "आबा, दगड तुम्हीच कोरला ना? मी सांगितलं ते खरं आहे ना?"

मी म्हटलं, "हो. खरं शे."