नाण्यावरचे दोन हात

धनत्रयोदशी, संध्याकाळ. दस्मान, कुवेत.

आज पूजेसाठी चांदीचं निरांजन, वाट्या घासल्या आणि त्यांच्याबरोबर ह्यांची रोमन नाणीही. हे गेल्यानंतरची पहिली दिवाळी. काळी चांदी मी देवापुढे ठेवत नाही. रांगोळी, टूथपेस्ट, जुना ब्रश. लख्ख केली.

लेक ऑफिसातून थेट आली. एक नाणं उचललं आणि किंचाळलीच, "आई, यू स्क्रब्ड धिस? हात कुठे गेले?"

एकमेकांत गुंफलेले दोन हात होते त्यावर. रोमन लोकांत ती एकोप्याची खूण, हे ह्यांनीच मला सांगितलं होतं. नाणं मुळात झिजलेलं. खोलगट रेघांतल्या काळेपणामुळेच ते हात दिसत, आणि तो काळेपणा मी घासून काढला.

पण मला कसं ठाऊक असणार? दर दिवाळीला हे नाण्यांचा डबा ऑफिसात न्यायचे. मला वाटायचं, मित्रांना दाखवायला.

"दाखवायला नाही गं, तुझ्या ब्रशपासून लपवायला," लेक म्हणाली. "बाबा म्हणायचे, आईला सांगण्यापेक्षा डबा उचलणं सोपं." म्हणताना हसली, मग रडायलाच लागली.

ते दोन हात. भिंग घेऊनही शोधले. नाहीत.

अहो, एकदा सांगायचं होतंत. मी ऐकलं असतं. ऐकलं असतं का? नाही. तुम्हालाच चार शब्द सुनावले असते आणि तुम्ही नेहमीसारखं "बरं" म्हणाला असतात. सदतीस वर्षं मी त्या "बरं"ला होकार समजत आले.