पाठीवरची पट्टी

दि. ९ मार्च, सकाळ

चि. सूनबाई,

तुला आणि बबडीला भरभरून आशीर्वाद. तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग. फोनच करणार होतो, पण मागच्या वेळी फोनवर तू रडलीस आणि मी खोकलो, बोलणं राहूनच गेलं. पत्रात निदान दोघांनाही दम खायला जागा असते. अक्षर वाकडंतिकडं आलंय. मांडीवर ताट उपडं ठेवून लिहितोय, आणि ताट सारखं घसरतंय.

इकडे सगळं ठीक. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा जास्त त्या कुरकुरतात. मोरीतला नळ अजून गळतोच आहे. प्लंबर दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा नळाकडे बघून मान हलवली आणि चहा पिऊन गेला. डेपोतले माझे जुने कंडक्टर परवा भेटायला आले होते. मला बघून म्हणाले, "छान दिसताय." खोटं बोलायची त्यांना सवय नाही, त्यामुळे ते लगेच पकडले गेले.

माझं दुखणं आता आटोक्यात आहे. मध्ये थोडं वाढलं होतं, त्याचं पुढे सांगतो.

आधी एक महत्त्वाचं. आता घरी नर्सबाई येतात. वयाने तुझ्याएवढ्याच असतील, पण आवाज हेडमास्तरांचा. त्यांनी मला, सासूबाईंना आणि तुझ्या नवऱ्याला समोर बसवून माझ्या वेदनेवरच्या औषधी पट्टीचा धडा दिला. तीन दिवस पाठीवर राहिलेली पट्टी आपल्याला वाटते तशी रिकामी झालेली नसते. तिच्यात पुष्कळ औषध उरतं, लहान मुलाच्या जिवावर बेतेल इतकं. म्हणून काढल्याबरोबर चिकट बाजू आत घेऊन ती मधोमध दुमडायची, घट्ट दाबायची. मग सरळ संडासात टाकून पाणी सोडायचं, आणि हात धुवायचे. हे फक्त या पट्टीसाठी, हिच्या माहितीपत्रकातच तसं छापलंय. बाकीची औषधं तशी टाकायची नाहीत, ती दुकानात परत द्यायची. पलंगाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात तर काहीच नाही.

मी त्यांना विचारलं, "हे आम्हाला आधी का नाही कुणी सांगितलं?" मग म्हणाल्या, "सांगायला हवं होतं, आजोबा." पट्टी लिहून देणाऱ्याने लावायची कशी ते सांगितलं, विकणाऱ्याने किंमत सांगितली. काढल्यावर तिचं करायचं काय, हे मुंगीएवढ्या अक्षरात घडी घालून खोक्यात ठेवलेलं होतं. ते तू वाचायला हवं होतंस असं कुणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठव. मी चष्मा लावून, वर भिंग धरून वाचलं, तरी अर्धं सुटलं.

सूनबाई, तू त्या दिवशी पट्टी डब्यात टाकलीस, जसे रोजचे कापसाचे बोळे आणि कागद टाकायचीस. बबडीने ती उचलून पोटावर लावली, कारण आजोबांच्या पाठीवर असते. तिला माझ्यासारखं व्हायचं होतं. ही गोष्ट मी मनात कितीदा फिरवली, पण तिच्यात मला गुन्हेगार सापडत नाही. पोर दुपारची पेंगली. मी म्हटलं, खेळून दमली असेल. सासूबाई म्हणाल्या, झोपू दे. तू एकटीच म्हणालीस की ही झोप बरी दिसत नाही. फ्रॉक वर करून पाहिलास, पट्टी ओढून काढलीस आणि ती पट्टी हातात घेऊन, पोरीला खांद्यावर टाकून अनवाणी रिक्षात बसलीस.

मागच्या आठवड्यात माझ्या डॉक्टरांना मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, पट्टी सोबत आणली म्हणून उतारा लगेच देता आला, नाहीतर काय झालंय ते शोधण्यातच वेळ गेला असता. हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, तुझ्या नवऱ्यासमोर.

आता त्याच्याबद्दल. तो तुला दवाखान्याच्या व्हरांड्यात चारचौघांत काय बोलला, ते मला परवापर्यंत माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस, त्याने तर नाहीच. मला एवढंच कळलं होतं की तू पोरीला घेऊन चार दिवस आईकडे गेलीस, आणि त्या चार दिवसांचा महिना झाला. मी त्याची वकिली करायला बसलेलो नाही. एवढी वर्षं बस चालवली, त्यात एक पाहिलं. अपघात झाला की डेपोतले साहेब आधी ड्रायव्हरचं नाव विचारायचे, ब्रेक मागाहून तपासायचे. माझाच मुलगा त्या साहेबांसारखा वागला, याचं मला वाईट वाटतं.

मघाशी म्हटलं ना, मध्ये दुखणं वाढलं होतं. ते आपोआप वाढलं नव्हतं. तू गेल्यावर मी पट्टी लावूच दिली नाही. दुखत नाही आता, असं सगळ्यांना सांगितलं. ज्या वस्तूने आपली पोर जाता जाता राहिली, ती अंगावर घेऊन सुखाने झोपणं मला जमेना. वाटलं, घरात पट्टी नसेल तर तू परत यायला घाबरणार नाहीस. म्हातारपणी अक्कल गुडघ्यात जाते म्हणतात, माझी तिथेही सापडली नसती. एका सकाळी मोरीत खाली बसलो तो उठताच येईना. तोंडात टॉवेल कोंबून बसलो होतो, म्हणजे सासूबाईंना ऐकू जाऊ नये. तुझ्या नवऱ्याने दार ढकललं.

डॉक्टर खूप रागावले. अशी एकदम बंद करायची नसते म्हणाले. पुन्हा सुरू करून दिली, आणि नर्सबाईंची सोय झाली ती तेव्हाच.

त्यानंतरची पहिली पट्टी त्याने बदलली. त्याने हे काम कधी केलं नव्हतं, तुला ठाऊकच आहे. माझ्या पाठीची त्वचा आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय. काढताना जुनी पट्टी निसटून पडली. कुठे गेली ते दिसेना. तो गुडघ्यावर बसून पलंगाखाली शोधू लागला, चादर झटकली, उशा उलट्या केल्या, घामाघूम झाला. शेवटी ती त्याच्याच कोपराला चिकटलेली निघाली. त्याने ती सोलून काढली, दुमडली, पाण्यात सोडली, कोपर धुतलं. परत आला आणि फरशीवरच बसला.

मग म्हणाला, "बाबा, ती हे एकटीच करायची. पोरीला कडेवर घेऊन." आणि लहानपणी रडायचा तसा रडला. तेव्हाच त्याने तुला काय काय बोलला ते सगळं सांगितलं. मी त्याला समजावलं नाही. रडू दिलं.

तो तुला स्वतः लिहील की नाही, सांगता येत नाही. घुम्या आहे तो, माझ्यावर गेलाय. पण तू परत यायचं झालं, तर 'चुकलो, घरी चल' हे त्याने तुझ्या दारात उभं राहून म्हणायला हवं. तसं मी त्याला स्पष्ट सांगितलंय. तू 'नाही' म्हणालीस, तरी माझी सून तूच आहेस.

आता राहिलेलं लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा नळाकडे वळेन. डॉक्टरांनी परवा पट्टीचं प्रमाण वाढवलं. फार पुढचं काही बोलत नाहीत. बोलायचं टाळणारा माणूस मला लगेच ओळखू येतो, मीही त्यातलाच. मी गेल्यावर कपाटात कोऱ्या पट्ट्या उरतील. सासूबाईंना त्यातलं कळणार नाही, आणि तुझा नवरा त्या वेळी भानावर नसेल. त्या तू मोजून औषधाच्या दुकानात परत द्याव्यास अशी माझी इच्छा आहे. नर्सबाई म्हणाल्या, घरातल्या सगळ्यात भरवशाच्या माणसाचं नाव सांगून ठेवा. मी तुझं सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या कुठे असतात? मी म्हटलं, सध्या आईकडे.

बबडीला माझा पापा दे. आजोबांच्या पाठीला हात लावायचा नाही, पण मांडी मोकळी आहे, असं तिला सांग. पट्टी पुन्हा गुरुवारी बदलायची आहे. तुझा हात हलका होता.

तुझ्यावर पूर्ण भरवसा असलेला,
बाबा