जिवंतपणी घातलेला हार

आई, काल आमच्या ऑफिसात पॉलिसीच्या कामासाठी एक बाई आल्या होत्या. सही करता करता थांबल्या, चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही त्या सीरियलमधल्या ना? आई नसलेली मुलगी?" माझे केस पिकायला लागले तरी वर्षाकाठी असं कुणीतरी भेटतंच. मी हसून हो म्हटलं. तर त्यांनी माझा हात हातात घेतला. "खरंच लहानपणीच गेल्या ना हो तुमच्या आई?" आणि मी याही वेळी "हो" म्हणाले. कॉलेजात जाईपर्यंत तू माझ्या वेण्या घातल्यास, परीक्षेला निघाले की हातावर दही ठेवलंस, आणि मी सरळ "हो" म्हणून मोकळी झाले. बाई डोळे पुसत गेल्या. मला मात्र दिवसभर स्वतःचा इतका राग येत होता की डबासुद्धा उघडला नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. समोर बसून बोलायची हिंमत तू होतीस तोवर कधी झाली नाही.

बेलापूरचा तो बंगला आठवतो तुला? डोंगराच्या पायथ्याशी, अर्धा रंगवलेला. पुढचा भाग सीरियलमधलं आमचं घर आणि मागच्या खोल्यांत वायरी, पेट्या, चहाचं पातेलं. मी चौथीत आहे. तुझ्या खांद्यावर ती मोठी चेनची पिशवी, तिच्यात पोळीभाजी, माझ्या रिबिनी-पिना आणि अभ्यासाची पुस्तकं. त्या दिवशी मला भिंतीवरच्या मेलेल्या आईच्या फोटोसमोर उभं राहून रडायचं होतं. त्यांनी कुठल्यातरी स्टुडिओतून एका अनोळखी बाईचा फोटो आणला होता. बाईचे डोळे असे काही वटारलेले की मला पुन्हा पुन्हा हसूच फुटत होतं. मग डोळ्यांत ग्लिसरीन घातलं, तर डोळे सुजले आणि रडू काही येईना. दिग्दर्शकांचा आवाज चढायला लागला. तू कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठलीस आणि म्हणालीस, "साहेब, जरा थांबा. मी नेरूळला जाऊन येते." कशाला, ते कुणालाच सांगितलं नाहीस.

परत आलीस ती काखेत आपल्या हॉलमधला तुझा फोटो घेऊन. लग्नानंतरचा, नथ घातलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू असलेला. तुझा बेत कळल्यावर दिग्दर्शकच चपापले. "ताई, हे काही बरं दिसत नाही. तुम्ही सवाष्ण बाई." सेट लावणारे मामा तर चंदनाचा हार हातात घेऊन तसेच उभे. फोटोला घालायला त्यांचा हात होईना. तेव्हा तू तो हार त्यांच्याकडून घेतलास, स्टुलावर चढलीस आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या फोटोला घातलास. खाली उतरून पदर खोचत म्हणालीस, "फोटोला हार घालून माणसं मरत असती ना, तर लोकांनी अर्धे पुढारी कधीच संपवले असते." सगळे हसले. मग तू मला जवळ ओढलंस आणि कानात सांगितलंस, "माझ्याकडे बघ हां बाळा. मी नाहीये, असं समज."

मी रडले. अशी रडले की दिवे धरलेली माणसंसुद्धा नाक ओढायला लागली. कट म्हटल्यावरही हुंदके थांबेनात. तू धावत आलीस, मला पोटाशी धरलंस, आणि तुझाही चेहरा भिजलेला होता. त्या दिवसापासून तुझा फोटो त्या भिंतीवर राहिला तो सीरियल संपेपर्यंत.

पुढे काय काय झालं ते तू हसण्यावारी नेलंस, मी मात्र विसरलेले नाही. तो भाग लागला तेव्हा बाबा मध्येच उठून गॅलरीत गेले. "माझ्या बायकोच्या फोटोला हार, आणि तो मी चहा पीत बघायचा?" एवढंच बोलले. त्यानंतर सीरियलची वेळ झाली की पायात चपला सरकवून खाली फिरायला जायचे, आणि संपल्यावरच वर यायचे. सोसायटीतल्या बायका तोंडावर माझं कौतुक करायच्या, पण त्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आपल्या दाराशी यायचं थांबलं. आली ती एकटी खालच्या मजल्यावरची काकू, जिचा नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी होता. दारातूनच तिची तोफ सुरू. "आवं वैनी, जित्त्या मानसाच्या फोटूला हार घालत्यात व्हय? डोकं फिरलं का तुमचं? बसा हितं खाली." आणि तिने तुला पाटावर बसवून, कपाळभर कुंकू लावून, नारळ-तांदळाने तुझी ओटी भरली. तू तिला काय सांगितलंस ते मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होते. "काकू, मी गेल्यावर माझं पोर कसं रडेल, ते मला जिवंतपणी बघायला मिळालं. किती जणींच्या नशिबात असतं हे?"

काकूने तोंडाला पदर लावला. मी तशीच पाय न वाजवता आतल्या खोलीत गेले.

माझं नाव झालं. लोकांना मी पोरकी म्हणूनच आवडत होते, आणि ते मला फार लवकर कळलं. वाशीत एका महिला मंडळाने मला बक्षीस द्यायला बोलावलं होतं. स्टेजवरून उतरले तर एका आजीने मला मिठीच मारली. "आई नाय गं पोरीला, बिचारी ती." आजूबाजूच्या बायकांचेही डोळे पाणावले. कुणी हातात चॉकलेट देत होतं, कुणी डोक्यावरून हात फिरवत होतं. मागे तू उभी, खांद्याला ती पिशवी आणि हातात माझं स्वेटर. एकीने तुझ्याकडे बोट केलं. "आणि या कोण? फोटोतल्या आईसारख्याच दिसतात हो." खरं सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या, दोन मिनिटांत विसरल्याही असत्या. पण मला ते लाड सोडवेनात. मी म्हणाले, "मावशी."

तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस. मग तोंडभर हसून त्यांना म्हणालीस, "हो, मावशीच. तिच्या आईची धाकटी बहीण मी." एवढ्यावर थांबली नाहीस. "आई गेल्यापासून माझ्याकडेच असते," असंही सांगितलंस. माझ्यापेक्षा तू कितीतरी चांगली नटी होतीस. रिक्षात मी खाली मान घालून चॉकलेटचे कागद मोजत बसले होते. तू एवढंच म्हणालीस, "बरं केलंस. नाहीतर त्या बायकांचं रडणं वाया गेलं असतं." मला वाटलं, घरी गेल्यावर तरी रागावशील. तू वरणाला फोडणी दिलीस, बाबांना "छान झाला कार्यक्रम" म्हणून सांगितलंस आणि नेहमीसारखं वाढलंस. पण त्यानंतर बाहेर कुठेही गेलो की कुणी विचारायच्या आत तूच सांगायचीस, "मी मावशी हिची." तू एकदा तरी माझ्या मुस्काटात द्यायला हवी होतीस. मला ते जास्त सोपं गेलं असतं.

सीरियल संपली. मी भराभरा उंच झाले, दात पुढे आले, आणि ज्यांना रडणारी गोड मुलगी हवी होती त्यांना मी नकोशी झाले. एका ऑडिशनला मी सांगितल्याबरोबर डोळ्यांतून धारा काढून दाखवल्या, तर समोरचा पोरगेला माणूस हसला. "ताई, हे फार जुनं झालं हो." माझं नटी होणं तिथेच संपलं. तू त्याबद्दल कधी हळहळली नाहीस. माझ्या बीकॉमच्या निकालाचे पेढे मात्र अख्ख्या सोसायटीत वाटलेस, ज्यांनी बोलावणं बंद केलं होतं त्यांनासुद्धा.

आणि मग तुझं आजारपण. वाशीच्या हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तुला बोलायला त्रास व्हायचा. तरी सलाईन बदलायला आलेल्या सिस्टरला माझ्याकडे खूण करून तू म्हणालीस, "हिला सांभाळा हां. फार रडते ती माझ्यासाठी. मी बघितलंय." किती समाधानाने म्हणालीस! तुला त्याचा आधार होता, हे मला तेव्हा दिसलं. मी तुझे पाय चेपत राहिले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून आता सांगते. तू फोटो आणायला घरी गेलीस ना, तेवढ्या वेळात दिग्दर्शकांनी दुसरी एक मुलगी बोलावून घेतली होती. माझ्याच मापाची, माझ्यासारखाच निळा फ्रॉक घातलेली. तू आलीस तेव्हा ती कॅमेऱ्याच्या मागे खुर्चीत बसून पाय हलवत होती. तुला ती कुणाची तरी पोर वाटली असेल. मला मेकअपच्या दादांनी सांगून ठेवलं होतं, "आता रडली नाहीस तर ही करेल तुझा रोल." मी तुझ्या फोटोकडे नुसती तोंड करून उभी होते. माझं सगळं लक्ष त्या मुलीकडे होतं. माझं काम जाईल या भीतीने मी रडले, आणि पुढे दर वेळी फोटोसमोर उभी राहिले की तिलाच आठवून रडले. तू कानात सांगितलं होतंस तसं मी समजून पाहिलंच नाही. तू खरंच मरशील, असं मला एकदाही वाटलं नव्हतं.