नारळीची बाग आणि आत्याची गल्ली

अप्पा, तुम्हाला लिहायचं मी फार दिवस टाळलं. आधी वाटायचं, धड नोकरी लागली की लिहू. मग वाटलं, एखादी नोकरी निदान सहा महिने टिकली की लिहू. दोन्ही झालं नाही, आणि तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मधल्या काळात मी शाळा सोडली, बंदरावर पोती मोजली, मदुरेला एका नाटक कंपनीचे पडदे ओढले, आणि सध्या मद्रासच्या जॉर्ज टाउनमध्ये कागदाच्या एका घाऊक दुकानावरच्या खोलीत राहतो. कोपरे दुमडलेले कागद दुकानदार असेच देऊन टाकतो, म्हणजे कागद नाही ही सबबही गेली. पण बसलोय ते कालच्या सभेमुळे.

सभा आपल्या तंजावरकडून इथे आलेल्या मराठी मंडळींची. तुम्ही सभासद होता आणि मरेपर्यंत एकदाही गेला नाहीत. का, ते काल कळलं. झालंय असं की कालव्याच्या काठाने विजेच्या गाडीची नवी लाईन यायची आहे. मैलापूरपर्यंत दगड रोवून झालेत. रूळ एकही पडलेला नाही, आणि आमची मंडळी तिच्या पुढच्या वाढीवरून भांडतायत. न बांधलेल्या घराच्या माडीवर कोण निजणार, असला प्रकार. मैलापूरच्या पुढे दोन रस्ते सुचवलेत: एक कालव्याला धरून, म्हणजे आत्याच्या गल्लीवरून; दुसरा मागच्या नारळीच्या बागेतून. तिथल्या रहिवाशांच्या संघांनी, म्हणजे आमच्या सभेनेही, आपलं मत कळवावं असं रेल्वेच्या कचेरीतून पत्र आलंय, आणि बहुतेकांचं मत पडेल तिथे मोजणी होणार. बाग आमच्या अध्यक्षांच्या सासऱ्यांची आहे. एवढं सांगितलं की बाकीची सभा तुम्हाला न सांगताही कळेल, पण सांगतो.

तीन दिवसांपूर्वी आत्याने मला बोलावून घेतलं. स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, पानात उडदाच्या पिठाची डांगर पचडी वाढली, आणि मी दुसरा घास घेतला तशी मुद्द्यावर आली.

"तू सभेत जा आणि बोल," ती म्हणाली. "अर्धं मद्रास तुझ्या अप्पाने कागदावर काढलंय. त्याचा मुलगा म्हणून ऐकतील."

"आत्या, मला सभेत बोलता येत नाही."

"घरात तर तोंड मिटत नाही. एवढंच सांग, गल्लीत चाळीस चुली आहेत. बागेत एक रखवालदार आहे आणि त्याचा कुत्रा. बस."

"आणि नाही ऐकलं तर?"

"मग मी या वयात कुठे जाऊ ते त्यांनाच विचार."

मी दुसऱ्या दिवशी दोन्ही रस्ते चालून आलो. ती खोड तुमची. रेल्वेच्या नकाशाघरात तुम्ही नुसते ट्रेसर, साहेबांच्या रेघांवर पातळ कापड टाकून शाईने गिरवायचं एवढंच काम. पण एका रविवारी तुम्ही मला छत्री धरायला लावून सैदापेटपर्यंत पायी नेलंत, कारण मूळ कागदावर तीन विहिरी होत्या आणि तुम्हाला बसमधून पाच दिसल्या होत्या. मी आठ वर्षांचा. चौथ्या विहिरीपाशी एक माणूस माकडाला केस विंचरायला शिकवत असतो, मी तिथेच उभा राहतो, छत्री माझ्या हातात आणि तुम्ही उन्हात पाचव्या विहिरीपाशी. परत आल्यावर तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "तुझं डोकं जिथे जातं तिथे पाय जात नाहीत, आणि पाय जातात तिथे डोकं नसतं." सोमवारी त्या पाच विहिरी साहेबांना दाखवल्यात आणि बोलणी खाल्लीत. तुमचं काम गिरवायचं, शोधायचं नाही, असं ते म्हणाले. हे तुम्ही आईला सांगत होतात, मी दाराआडून ऐकलं होतं.

तर सभा. पहिला तास अर्जाच्या मायन्यात गेला. रेल्वेला अर्ज करायचा तर आपण कोण हे आधी कळायला हवं, म्हणून सुरुवात तंजावरच्या राजांपासून. कुणाच्या पूर्वजाने दरबारात काय केलं याला दीड पान. विजेची गाडी कुठून न्यावी हे कुठल्या तरी इंजिनीयराने ठरवायचं, आणि त्याला आम्ही सांगतोय की आमच्याकडे छत्र-चामराचा मान होता. एक निवृत्त हेडमास्तर उठून रागाने म्हणाले, "आमचे खापरपणजोबा हत्तीखान्याचे कारभारी. त्यांचं नाव तिसऱ्या ओळीत?"

"हत्ती रुळावरून चालत नाहीत, राव," मागून कोणीतरी म्हणालं.

"तुमचे तर भातखळ्यावर होते. तुम्ही बोलू नका."

मग एक वकील उठले. त्यांना स्टेशन हवं, पण घरापासून दोन गल्ल्या लांब. जावयाला चालायला लागू नये आणि यांच्या झोपेला धक्का लागू नये. "आणि धूर नको," ते म्हणाले.

"विजेची गाडी आहे. धूर कुठला?"

"मग विजेचं जे काय असतं ते नको."

मला वाटलं हसतील. कोणी हसलं नाही. चिटणिसाने ते लिहून घेतलं. दोन्ही जागा पाहून आलेला असा त्या खोलीत मी एकटा. बाकीच्यांनी कालवा पाहिला तो बसच्या खिडकीतून, नाकाला उपरणं लावून. अध्यक्ष म्हणाले, "सरी, सरी, ठीक आहे, वेळ होतोय. बागेची जमीन भुसभुशीत आहे, रूळ खचतील. कालव्याकाठी काय, झोपड्याच आहेत." भुसभुशीत. परवा मी त्या बागेतून चपला हातात घेऊन चाललो, टाचा दुखल्या इतकी ती कडक आहे. आत्याच्या घराला झोपडी म्हणाले ते वेगळंच. त्या माणसांची मला किळस आली. शिकलेली, गंध लावलेली, इस्त्रीच्या धोतरातली माणसं, आणि चाळीस चुलींना ओलांडायला त्यांना एक वाक्य पुरलं.

तेव्हाच मी उठायला हवं होतं. समोर रस्त्यापलीकडच्या भिंतीवर दोघे जण सिनेमाचं पोस्टर लावत होते. त्यांनी खालचा तुकडा वर लावला, म्हणजे नटीचे पाय आभाळात आणि डोकं गटाराशी. एक जण शिडीवर, दुसरा खालून शिव्या देतोय, खळ गळतेय. मी बघत बसलो. भान आलं तेव्हा सगळ्यांचे हात वर होते. माझाही वर गेला. "कालव्याची बाजू, एकमताने," चिटणीस म्हणाला. कॉफी आली.

वरचं लिहिलं ते वाचून बघितलं, आणि ते खरं नाही. पोस्टर त्या दोघांनी केव्हाच सोलून सरळ लावलं होतं. मी नुसता तिकडे तोंड करून बसलो होतो. हात वर करायला सांगितलं तेव्हा 'कालव्याची बाजू' हे शब्द मी नीट ऐकले. हेडमास्तरांनी कोपराने ढोसलं आणि मी हात वर केला. नंतर अध्यक्ष सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून म्हणाले, "वडिलांचं वळण आहे. तेही असेच, समजूतदार माणूस. उगीच मध्ये बोलायचे नाहीत." सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तुम्ही या सभेत कधी आलाच नाहीत, आणि साहेबांना विहिरी दाखवून बोलणी खाल्लीत, हे मला ठाऊक, तरी मी बोललो नाही. तुमचं नि माझं वळण एक, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं, अप्पा. कॉफी संपेपर्यंत वाटत होतं.

अर्ज सोमवारी कचेरीत जायचा आहे. आज शनिवार. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि ज्यांना खरं लिहायला हवं त्या कचेरीचा पत्ता माहीत असून त्यांना अजून एक ओळ लिहिलेली नाही.

खाली दुकानदाराशी कोणी बाई बोलतेय. आत्या आहे. या वयात, दोन बस बदलून, ती इथवर येईल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. ती त्याला विचारतेय, "माझ्या भावाचा मुलगा इथेच राहतो ना? काल सभेत बोलला तो?"