तुमच्या खोलीतल्या तलवारी

बाबा, चारही तलवारी तुमच्या खोलीत आहेत. तुमच्या पुस्तकांचं भिंतभर कपाट आहे ना, त्याचा मधला कप्पा मी रिकामा केला, खाली जुनं धोतर अंथरलं आणि त्यावर त्या आडव्या ठेवल्या. पुस्तकं टाकली नाहीत, ती माळ्यावर नीट बांधून ठेवली आहेत. पोलीस ठाण्यात नोंद केली आहे, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याजवळ असते. हे मी माफी मागायला लिहीत नाही. तुम्ही नाही म्हणाला होता, आणि मी तरीही केलं, एवढंच सांगायचं आहे.

पहिली आईच्या वडिलांची. ते फौजेत होते, ब्रह्मदेशात लढले आणि जपान्यांनी शरणागती पत्करली तेव्हा एका जपानी अधिकाऱ्याची तलवार घेऊन गावी आले. ते गेले त्या वर्षी मी कॉलेजात होते. तेराव्याला आजोळी, कारंज्याला, आम्ही दोघी मायलेकी गेलो, तर मामा लोहाराला बोलावून बसलेले. तलवारीचं पोलाद चांगलं आहे, दोन विळे होतील म्हणत होते. मी ती पहिल्यांदा म्यानातून बाहेर काढलेली पाहिली. मुठीवर माशाची खरखरीत पांढरी कातडी, तिच्यावर रेशमी नाड्याचे वेढे, वेढ्यांच्या मधून दिसणारं पितळेचं बारकं फूल. आणि पात्याला एक वाक, जसा पाणी ओतताना धारेला येतो. मामांना म्हटलं, मला द्या. ते हसले आणि देऊन टाकली. चादरीत गुंडाळून एसटीत मांडीवर आडवी धरून मी ती वर्ध्याला आणली, आई शेजारी खिडकीतून बाहेर बघत बसली होती.

तुम्ही दारातच उभे. शाळा सुटून नुकतेच आलेले, सायकलीची क्लिप अजून पायजम्याला.

"काय होय हे?"

"आजोबाची तलवार."

"ज्या घरात बुद्धाची मूर्ती हाये, त्या घरात मानसं कापाचं हत्यार येनार नाई. वापस नेऊन दे."

"तिकडं मामा तिचे विळे करून राह्यले."

"बरं करून राह्यले. विळ्यानं गवत कापल्या जाते, मानूस नाई."

शाळेत शिकवताना तुम्ही शुद्ध बोलत असा. राग आला की अशी घरची भाषा येई, आणि तिच्यापुढे कुणाचं चालत नसे. मी उंबऱ्याच्या बाहेर, तुम्ही आत. शेवटी आई पुढे आली. माझ्या हातातून तलवार घेतली आणि घराला वळसा घालून मागच्या सरपणाच्या खोपट्यात ठेवून आली. खोपटं घरात येत नव्हतं, म्हणून तुमचा शब्द मोडला नाही. पण त्या दिवसापासून तुम्ही खोपट्यात पाऊल टाकलं नाही. थंडीत आंघोळीच्या पाण्यासाठी लाकडं तुम्हीच आणत होता, तेही सोडलं. मी पावसाळाभर दर रविवारी तिथे बसून पात्याला शिवणयंत्राचं तेल लावते आहे, आणि तुम्ही मागच्या खिडकीचं दार लावून घेता आहात, असं अजून दिसतं मला. एकदा तरी येऊन बघायचं होतं. बघितलं असतं तर बाटला असता का तुम्ही?

दुसरी मी नोकरीला लागल्यावर मिळाली. हायवेवर एका ढाब्यात गल्ल्याच्या मागे भिंतीला टांगलेली होती, प्लास्टिकचा हार घालून. ढाबेवाल्याचा काका फौजेत होता, त्यानंही ती ब्रह्मदेशातूनच आणलेली. मी मागितली तेव्हा तो म्हणाला, "बाईमानसाले तलवार काऊन पायजे, मॅडम?" मी म्हटलं, "तुमाले काऊन पायजे होती?" तो गल्ल्यातले सुटे पैसे मोजायला लागला. त्याच्याकडे मी चार-पाच वेळा जेवले आणि मग त्याने स्वतःच हार काढून ती माझ्या हातात दिली. घरी आणून मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली आणि मूठ उतरवली, तर पात्याच्या आतल्या गंजलेल्या शेपटीवर कारागिराची जपानी अक्षरं निघाली. लष्करी मूठ आणि म्यान नंतर चढवलेलं, पातं त्याच्या कितीतरी पिढ्या आधीचं. कुणाच्या तरी घरातली पणज्याची तलवार असणार, पोरगा युद्धावर निघाला तेव्हा त्याला दिलेली. तीही मी खोपट्यातच ठेवली.

तुम्ही गेलात त्यानंतरच्या पावसाळ्यात आई म्हणाली, "आता आन ते घरात. सरपन वलं होते, ते बी होत असन." बस, एवढंच. मग त्या आत आल्या. पुढच्या दोन मागाहून, आई गेल्यावर मिळाल्या.

तुमच्या विळ्याबद्दल मात्र मला बोलायचं आहे. मी आयुष्यभर दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त जुळवलं. कॅज्युअल्टीतून चिठ्ठी येई, काय झालं ते त्यावर लिहिलेलं असे. कुऱ्हाड. विळा. काठी. हायवेवरचा ट्रक. बायकांच्या चिठ्ठीवर पुष्कळदा "पडली". तलवार एकदाही आली नाही. माणूस गवत कापायच्या वस्तूनं माणूस कापतो, बाबा. वस्तू वितळवून तो बदलत नाही. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तेव्हा मला माहीत नव्हतं.

आणि माझ्या तलवारी निष्पाप आहेत असंही मी म्हणत नाही. त्या बाळगणाऱ्यांनी कुठे काय केलं, ते मी वाचलं आहे, रात्री जेवण जाऊ नये इतकं वाचलं आहे. एका पात्याच्या धारेला बारीक खाचा आहेत. नागपूरचा एक जण घासून काढून देतो म्हणाला, आरशासारखी होईल. मी नको म्हटलं. सुंदर दिसते म्हणून तिनं काय केलं ते विसरायचं नाही, आणि तिनं काय केलं म्हणून ती सुंदर नाही असंही म्हणायचं नाही. दोन्ही एका घरात राहू शकतात. तुम्हाला ते जमलं नाही, मला जमतं.

यंदा वॉर्डातले तिघे जण आले. एक जण मागच्या गल्लीतला, रस्त्यांची गुत्तेदारी करतो, त्याला लहानपणापासून ओळखते. मिरवणुकीत हातात धरायला दोन तलवारी हव्या होत्या.

"ओरिजनल हाये म्हनते तुमच्याकडं. व्हिडिओ काढाचा अन् वापस आनून देतो, मॅडम."

"नाही."

"कपाटात ठेवून काय करता तिचं?"

"पुसते."

बाकीचे दोघे हसले, तो हसला नाही. "हत्यार हातात द्याचंच नाई, मंग ठेवता काऊन?"

"त्याच्यासाठीच ठेवते. माझ्या घरात आहे तोवर ते कुणाच्या हातात जात नाही. माझ्या बाबांनी ते या दारातून आत येऊ दिलं नव्हतं. मी बाहेर जाऊ देत नाही."

"एकट्या राह्यता तुमी," तो जाताना म्हणाला. "जरा इचार करजा."

विचार केला. मिरवणूक आमच्या गल्लीतून जाणार हे माहीत होतं, म्हणून वेळेच्या आधीच व्हरांड्यात खुर्ची टाकली, दिवा लावला आणि फाटकाकडे तोंड करून बसले. गाडीवरचे भोंगे नेमके आमच्या फाटकापुढे थांबले. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. तो गुत्तेदार गाडीवरून माझ्याकडे बघत होता, हातात पत्र्याची, चमकी लावलेली खोटी तलवार. मी नजर हलवली नाही. कुणी शेजारी बाहेर आलं नाही. बऱ्याच वेळानं गाडी पुढे सरकली. मला तेव्हा तुमची आठवण आली, पण आधार म्हणून नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, तलवारी नसत्या तर हे आलेच नसते. खरं आहे. आणि त्या मामांकडे, ढाब्यावरच राहिल्या असत्या, तर आज त्या गाडीवर कुणाच्या हातात असत्या, ते तुम्ही सांगा.

हे कुणाला दाखवायचं नाही, पाकिटात घालायचं नाही. एक गोष्ट मात्र लिहून टाकते. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी पाती पुसताना अंगठा चांगलाच कापला गेला. टाके घालायला गेले तर ड्रेसिंग करणारी नर्स तुमची पाचवीतली विद्यार्थिनी निघाली, आता तीही निवृत्तीला आलेली. "गुरुजींची पोरगी!" म्हणत तिनं माझा हात धुतला. मग चिठ्ठीवर लिहायचं म्हणून विचारलं, "कायनं कापलं, ताई?"

मी म्हटलं, "कूलरच्या पत्र्यानं."